परसातील कोंबडीच्या आकाराचा प्रश्न : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर हे आंबेगाव तालुक्यातील प्रमुख बाजारपेठेचे गाव होय. मंचरच्या पूर्वेस घोड व कुकडी प्रकल्पांच्या पाण्यावर फुललेली बागायती शेती आहे, तर पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगररांगांपर्यंत भातखाचरे, माळरान आणि कोळी महादेव, ठाकर या आदिवासी समाजांच्या वाड्या-वस्त्या आहेत. एका दिवसाच्या प्रवासात कुक्कुटपालनाची दोन टोके येथे पाहावयास मिळतात. एकीकडे हजारो पक्ष्यांच्या पिंजरापद्धतीच्या शेड आहेत, तर दुसरीकडे दारासमोर उकिरडा उकरणाऱ्या आठ-दहा गावठी कोंबड्या आहेत.

परसात लहान कोंबडी पाळावी की मोठी, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. शासकीय योजनांनी त्याचे उत्तर बहुधा अंड्यांच्या संख्येत आणि मांसाच्या वजनात शोधले. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र खाद्याचा खर्च कोणी सोसावा, पिल्ले कोणी उबवावीत आणि कळप नष्ट झाल्यास तो पुन्हा कसा उभा करावा, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होते. आकाराच्या निवडीमागील या घरगुती अर्थकारणाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लहान व मोठ्या कोंबडीची पूर्वपीठिका

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, हे चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये प्रतिपादन केले होते. अलीकडील जनुकीय संशोधनाने ते मुख्यतः मान्य केले असून माणसाळण्याची प्रक्रिया आग्नेय आशियाच्या परिसरात घडली असावी असे सूचित केले आहे. परंतु सह्याद्रीचाही त्यात वाटा आहे. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हाच राखी रानकोंबडा भीमाशंकरच्या जंगलात आजही आरवतो. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग आंबेगाव तालुक्यात मोडतो. रानकोंबडा हा मुळात लहान, चपळ आणि झाडावर रात्र काढणारा पक्षी आहे. गावठी कोंबडीने हे गुण बव्हंशी टिकवून ठेवले.

'बँटम' हा शब्द जावा बेटावरील बांतेन या बंदराच्या नावावरून आला. सतराव्या शतकात तेथे इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. तेथील लहान चणीच्या कोंबड्या पाहून युरोपीयांनी कोणत्याही खुज्या कोंबडीला हे नाव दिले. पुढे मोठ्या जातींच्या लहान आवृत्त्याही मुद्दाम तयार करण्यात आल्या. शोभेबरोबरच बँटमचा आणखी एक उपयोग होता. ती अंड्यांवर चिकाटीने बसत असल्यामुळे इतर पक्ष्यांची अंडी उबवण्यासाठीही तिचा वापर केला जाई.

मोठ्या कोंबडीचे आकर्षण युरोप-अमेरिकेत १८४० च्या दशकानंतर वाढले. चीनमधून आलेल्या अवजड कोचीन कोंबड्या आणि ब्रह्मपुत्रेच्या नावावरून ओळखली जाणारी ब्रह्मा ही जात यांनी तेथील हौशी पालकांना भुरळ घातली. भारतात मोठ्या कोंबड्याची परंपरा प्रामुख्याने झुंजीशी निगडित होती. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत कोंबड्यांच्या झुंजीचे वर्णन येते. असील ही भारतीय झुंजार जात उंच, दणकट व वजनदार असते, परंतु तिची अंडी थोडी. थोडक्यात, मोठा पक्षी रिंगणासाठी आणि लहान पक्षी परसासाठी, अशी विभागणी पूर्वापार रूढ होती.

गावठी कोंबडी आणि घरचा हिशेब

गावठी कोंबडीचे वजन साधारणतः एक ते दीड किलो असते. ती वर्षाकाठी सुमारे ५० ते ६० अंडी देते व तिचे अंडे ४० ग्रॅमच्या आसपास भरते. हे उत्पादन कमी दिसते, परंतु त्यामागील खर्चही तितकाच कमी आहे. सांडलेले धान्य, किडे-मुंग्या, गवताचे बी आणि खरकटे यांवर तिचे पोट भरते. पिंजऱ्यातील अंड्यावरची कोंबडी दररोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. एवढे धान्य प्रत्येक पक्ष्यामागे विकत घेणे डोंगरी भागातील अल्पभूधारकास परवडणारे नव्हते. परसात मिळणारे फुकटचे खाद्यही मर्यादित असते. तेवढ्याच खाद्यावर लहान पक्षी अधिक संख्येने जगतात, आणि त्यांपैकी एक-दोन गेले तरी कळप टिकतो.

दुसरा गुण म्हणजे खुडूक होणे. अंड्यांची एक पाळी संपली की गावठी कोंबडी खुडूक होते. दहा-बारा अंड्यांवर ती २१ दिवस बसते आणि त्यानंतर काही आठवडे पिल्लांना सांभाळते. या काळात ती अंडी देत नाही. उत्पादनाच्या कोष्टकात हा तोटा ठरतो. घराच्या हिशेबात मात्र तीच उबवणी यंत्रणा असते, जिला वीज लागत नाही, रॉकेल लागत नाही आणि बाहेरून पिल्लेही आणावी लागत नाहीत.

कोंबडीच्या उत्पन्नावर बहुधा घरातील स्त्रीचा अधिकार असे. मीठ-मिरची, मुलांची वही-पेन्सिल, अडीनडीचे औषध यांसाठी आठवडे बाजारात दोन-चार अंडी किंवा एखादी तलंग विकली जाई. पाहुण्यांचे जेवण आणि ग्रामदैवताला द्यावयाचा कोंबडा या गरजाही याच कळपातून भागत. डालग्याखाली कोंबडे झाकून ठेवण्याची रीत इतकी सार्वत्रिक होती की कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मराठीत रूढ झाली.

सुधारित जातींचा प्रसार

स्वातंत्र्योत्तर काळात प्रथिनांची कमतरता हा राष्ट्रीय प्रश्न मानला गेला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६-६१) कुक्कुटविकासाला चालना मिळाली. व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातींची पिल्ले, उबवणीची अंडी व पैदाशीचे नर यांचे वाटप होऊ लागले. गावठी कोंबडीचा संकर करून तिचे उत्पादन वाढवावे, अशी त्यामागील कल्पना होती. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राने या कार्यात महत्त्वाची भूमिका बजावली.

लेगहॉर्न ही जात मुळात फारशी मोठी नाही. तिचे नावही इटलीतील लिव्होर्नो या बंदराच्या इंग्रजी नावावरून पडले आहे. ऱ्होड आयलंड रेड मात्र अंगाने भारी आहे. अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत लेगहॉर्नमधील खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे असा पक्षी पाळणाऱ्या कुटुंबास पुढील पिढीसाठी उबवणी केंद्रावर अवलंबून राहणे भाग पडले. शिवाय पांढरा पक्षी घारीच्या नजरेत सहज भरतो.

याच सुमारास व्यापारी कुक्कुटपालनाची वाट वेगळी झाली. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेला व पुढे पुण्यातून विस्तारलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती यांमुळे पिल्लू, खाद्य, लस व विक्री यांची साखळी उभी राहिली. महामार्ग व मुंबई-पुण्याची बाजारपेठ जवळ असलेल्या बागायती गावांना या साखळीत शिरणे शक्य झाले. भांडवल, अखंड वीज व रोजचे खाद्य यांची सोय नसलेल्या पश्चिमेकडील वाड्यांना ते सुलभ नव्हते.

गिरिराज, वनराज आणि मधला मार्ग

परसासाठीच मोठा व रंगीत पक्षी तयार करावा, हा विचार १९८० च्या दशकापासून बळावला. बंगळूर येथील पशुवैद्यक महाविद्यालयात विकसित झालेला गिरिराज आणि हैदराबाद येथील केंद्रीय कुक्कुट संशोधन प्रकल्पाने तयार केलेला वनराज हे पक्षी महाराष्ट्रातही पोहोचले. ते गावठीसारखे रंगीत दिसतात आणि मोकळे फिरून खातात. शिवाय गावठीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक अंडी देतात. त्यांचा नर तीन किलोंच्या घरात जातो.

त्यांच्या मर्यादाही आकारातूनच उद्भवल्या. अंग जड असल्याने त्यांना झाडावर किंवा आढ्यावर चढून बसता येत नाही, त्यामुळे मुंगूस व रानमांजर यांना ते सहज सापडतात. जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर मोठा असल्याने भक्कम खुराड्याची गरज अधिकच भासते. पिल्लांना पहिले काही आठवडे कृत्रिम ऊब व संतुलित खाद्य द्यावे लागते. म्हणूनच २००९-१० पासून राबविण्यात आलेल्या केंद्रपुरस्कृत परसातील कुक्कुटपालन योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एक दिवसाच्या पिल्लांऐवजी सुमारे चार आठवडे वाढवलेली पिल्ले देण्याची तरतूद करण्यात आली. हे पक्षी संकरित असल्यामुळे त्यांच्या पुढील पिढीत मूळ गुण तेवढ्याच प्रमाणात उतरत नाहीत. मादी सहसा खुडूकही होत नाही. परिणामी वाटपाची पिल्ले संपली की कळपही संपतो.

यावर मधला मार्गही रूढ झाला आहे. गिरिराज किंवा वनराजाची उबवणीची अंडी आणून ती खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली जातात. येथे आई लहान आणि पिल्लू मोठे असते. विशेष म्हणजे आधुनिक उद्योगानेही हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरले. फ्रान्समध्ये मांसल पक्ष्यांच्या पैदाशीसाठी खुजेपणाचे जनुक असलेल्या मादीचा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, कारण लहान मादीला खाद्य व जागा कमी लागते, तरी तिची पिल्ले वेगाने वाढतात.

रोगराई आणि कळपाची पुनर्बांधणी

भारतात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात राणीखेत येथे नोंदला गेलेला रोग ग्रामीण महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणून ओळखला जातो. लस न दिलेला कळप या साथीत काही दिवसांत रिकामा होतो, मग कोंबडी लहान असो वा मोठी. गावठी कोंबडी काटक असते म्हणून तिला लसीची गरज नाही, हा समज घातक आहे. फरक पडतो तो साथीनंतर. वाचलेल्या एक-दोन गावठी कोंबड्यांपासून वर्षभरात पुन्हा कळप उभा राहू शकतो. खुडूक न होणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत पुन्हा रोख रक्कम मोजावी लागते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला. त्या वेळी बाधित परिसरातील व्यापारी शेडबरोबरच परसातील पक्षीही नष्ट करण्यात आले. अशा प्रसंगी गावठी वाण पुन्हा मिळविण्यासाठी शेजारच्या गावांतील नातेसंबंध हाच आधार उरतो, कारण उबवणी केंद्रांचा भर सुधारित पक्ष्यांवर असतो.

समारोप

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील एकूण ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१.७१ कोटी परसातील होते. मागील गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी पक्ष्यांची वाढ ४.५ टक्के इतकीच होती. परसातील कोंबडी हा संपुष्टात येणारा अवशेष नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात असे म्हणता येईल की ज्या कुटुंबाकडे खाद्यासाठी रोख पैसा, बंदिस्त खुराडे आणि पिल्लांचा खात्रीचा पुरवठा आहे, त्यास मोठा सुधारित पक्षी लाभदायक ठरतो. ज्या कुटुंबाकडे यांपैकी काहीच नाही, त्याने केवळ अंड्यांची संख्या पाहून गावठी कोंबडी मोडीत काढणे हिताचे नाही. मोठा पक्षी पाळावयाचा असल्यासही दोन-तीन खुडूक होणाऱ्या गावठी कोंबड्या कळपात राखणे आवश्यक आहे. विकास योजनांनी वाटलेल्या पिल्लांची संख्या मोजली. तीन वर्षांनंतर लाभार्थ्याच्या दारात किती कोंबड्या उरल्या आणि त्यांपैकी किती घरच्याच अंड्यांतून निपजल्या, याची मोजणीही तितकीच अगत्याची आहे. तशी ती झाल्यास आजवर कमी उत्पादक म्हणून मागे पडलेल्या लहान कोंबडीचे खरे मोल ध्यानात येईल.