कपाळावरचा हात आणि काखेतला पारा

घरात कुणाला कणकण आली की अम्मी आधी कपाळावर हात ठेवते. पूर्वीच्या हकिमांकडेही याहून फारसं काही नव्हतं. इब्न सीना (980–1037) यांनी ‘अल-कानून फित्तिब’च्या चौथ्या खंडाची सुरुवात तापाच्या प्रकारांपासून केली. पण ताप ओळखायला त्यांच्याजवळ होते ते हात, नाडी आणि निरीक्षण. हाताला फरक कळतो, आकडा कळत नाही. आपलाच हात गार असेल तर धडधाकट माणूसही तापलेला वाटतो.

1714च्या सुमारास फॅरनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनवला. तरी तो रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला दीडशे वर्षं लागली. लाइपझिगच्या डॉ. वुंडरलिश यांनी सुमारे 25 हजार रुग्णांच्या नोंदींवरून 1868 साली ग्रंथ लिहिला. 37 अंश सेल्सिअस, म्हणजे 98.6 फॅरनहाइट, हा आकडा त्यातूनच रूढ झाला. त्यांचा तापमापक फूटभर लांब होता. काखेत पंधरा-वीस मिनिटं धरावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडच्या डॉ. ऑलबट यांनी तो सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणला.

पण 37 ही सरासरी आहे. संध्याकाळी अंग सकाळपेक्षा थोडं गरम असतं. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो. म्हणून चहा-पाण्यानंतर अर्धा तास थांबा, दर वेळी एकाच जागी मोजा, वेळ लिहून ठेवा. ‘थोडा ताप आहे’ एवढ्यावरून डॉक्टरांना अंदाजच करावा लागतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर तो अंदाज महागात पडू शकतो.