'दलित पँथर' हे नाव अमेरिकेतून कसं आलं?

१९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुण लेखकांनी 'दलित पँथर' उभी केली. नाव ओकलंडच्या 'ब्लॅक पँथर पार्टी'वरून घेतलं. ती १९६६ची. गंमत म्हणजे तिनेही पँथरचं चिन्ह अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या पक्षाकडून उचललं होतं.

अर्थात अमेरिकेशी हे नातं जुनंच. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ग्रंथ तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. १९४६ मध्ये कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागताहेत हे कळताच डॉ. आंबेडकरांनी विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या.

ओकलंडचे पँथर बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायचे. इथे ते उचललं नाही. इथली हत्यारं म्हणजे कविता, सभा, मोर्चे. आणि प्रश्न गावकुसाबाहेरचे: पाणवठा, बहिष्कार, अत्याचार.

१९७७ मध्ये ढाले-पवारांनी संघटना बरखास्त केली, तरी पँथरचे कार्यकर्ते लढत राहिले. परंडा ज्यात येतं त्या मराठवाड्यात तर लढाई पुढेच होती. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ला विधिमंडळात झाला आणि लगेच दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, घरं जाळली गेली. प्रत्यक्ष नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला.