गाजर गवताचे आगमन : दोषारोप आणि पुरावा

मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या उष्ण प्रदेशात उगम असलेले, सूर्यफुलाच्या कुळातील पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे तण महाराष्ट्रात गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणून ओळखले जाते, आणि ते अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून आले असे गावोगावी सांगितले जाते. कालक्रम मात्र या कथेला साथ देत नाही. कायदा १९५४ चा असला तरी त्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, आणि पुण्यात हे तण १९५५ मध्येच आढळले होते; वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. ही नोंदही पहिली ठरत नाही, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या १८१४ मधील कलकत्त्याच्या उद्यानाच्या यादीत हे नाव आहे आणि डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात १८८० चा नमुना सापडला आहे. परकीय वनस्पती दीर्घकाळ मोजक्या जागी टिकून राहते आणि अनुकूल स्थिती मिळताच झपाट्याने पसरते. या मधल्या अवधीला सुप्तकाळ म्हणतात. पुण्यातील उद्रेक मात्र नव्याने आलेल्या बियांमुळे झाला असणे अधिक संभवते, आणि त्या दृष्टीने १९५१ च्या अमेरिकी कर्जातून आलेल्या धान्याकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. ‘पीएल ४८०’च्या गव्हाने प्रसाराला हातभार लावला असेल, आगमनाचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात, आणि त्या पाणी, वाहने, शेणखत यांच्याबरोबर दूरवर जात असल्याने रस्त्यांच्या कडा, रेल्वेमार्ग व पडीक राने या तणाने व्यापली. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची उगवण रोखते, जनावरांनी हे तण खाल्ल्यास दुधाला कडवटपणा येतो आणि त्याच्या संपर्काने माणसाच्या त्वचेला तीव्र दाह होतो. पुण्यातील रुग्णांच्या त्वचादाहाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९७४ मध्ये आले, म्हणजे जवळजवळ दोन दशके या तणाची किंमत उन्हातान्हात निंदणी-खुरपणी करणाऱ्या माणसांनी निमूटपणे मोजली होती, आणि हीच या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

परकीय जीवाची जोखीम आधी तपासण्याची पद्धत पुढे या तणाच्या शत्रूलाच लावली गेली. मेक्सिकोतून १९८३ मध्ये बंगळुरूला आणलेला झायगोग्रामा बायकोलोरॅटा हा भुंगा इतर पिकांवर जगतो का, याच्या चाचण्या घेऊन १९८४ मध्ये सोडण्यात आला. तरी काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याने वाद उठला, तो सोडण्याचे काम थांबले आणि फेरतपासणीनंतरच पुन्हा सुरू झाले. पावसाळ्यात तो तणाची पाने फस्त करतो, परंतु कोरड्या दिवसांत जमिनीत सुप्त राहतो, त्यामुळे त्याचे यश हंगामी आहे.

धान्याच्या बाबतीत अशी तपासणी फार उशिरा आली. १९१४ च्या कीड व रोगविषयक कायद्याचा रोख मुख्यतः पिकांवरील कीटक आणि बुरशी यांवर होता. तणांच्या बियांसह जोखीम-विश्लेषण, म्हणजे एखादा जीव देशात येण्याची, रुजण्याची आणि नुकसान करण्याची शक्यता आयातीपूर्वी ठरवणे, हे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने बंधनकारक केले. तरीही २००६ मध्ये गव्हाची टंचाई भासून आयात करावी लागली, तेव्हा तणबियांविषयीचे निकष शिथिल करण्यात आले.