उसन्या प्रतिकारशक्तीचे मोल

औषधांचा इतिहास सांगताना आपण बहुधा त्यांच्या विजयांची यादी सांगतो. किती जीव वाचले हे सांगतो. कोणाला काय इजा झाली, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. आज ज्या औषधाची हकीकत आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत, तिचा इतिहास असा अर्धा सांगून भागणार नाही. एकाच्या रक्तातील प्रतिद्रव्ये काढून ती दुसऱ्याच्या शरीरात घालावयाची, असे हे औषध आहे. आज त्याला इम्यून ग्लोब्युलिन म्हणतात. ही प्रतिकारशक्ती उसनी होय. आणि उसनवारी कधी फुकट नसते.

या उपचाराचा उगम १८९० साली बर्लिनमध्ये झाला. घटसर्प व धनुर्वात यांच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा उतारा तयार होतो, हे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखविले. पुढे घोड्यांपासून असा रस भरपूर मिळू लागला. १८९४ साली पॅरिसच्या एमिल रू यांनी तो देऊन घटसर्पाची किती मुले वाचतात, याचे आकडे जगापुढे ठेवले. गळा कोंडून मरणारी मुले हाताशी येऊ लागली, तेव्हा आईबापांना तो चमत्कारच वाटला असेल. १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले, ते याच कार्याबद्दल.

पण १८९६ सालीच बर्लिनमध्ये लँगरहान्स नावाच्या प्राध्यापकांचा लहानगा मुलगा, घटसर्प होऊ नये म्हणून हा रस टोचल्यावर काही मिनिटांतच दगावला. १९०१ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात तेरा मुले मेली. ज्या घोड्याचा रस वापरला, त्याला धनुर्वात झालेला होता आणि रस तपासून पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत अशा औषधांच्या निर्मितीवर देखरेख ठेवणारा कायदा झाला.

रस शुद्ध असूनही काहींना त्रास का होतो, हा प्रश्न उरलाच. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक यांनी १९०५ साली त्याचे उत्तर दिले. टोचल्यानंतर साधारण आठ ते बारा दिवसांनी ताप येतो, अंगावर गांधी उठतात, सांधे दुखतात. हा दोष विषाचा नव्हे. शरीर घोड्याच्या प्रथिनाला परके समजून त्याच्याशी झगडते, आणि त्या झगड्यातूनच हे दुखणे उद्भवते. जी शक्ती आपले रक्षण करते, तीच आपल्याला आजारी पाडू शकते, हा केवढा मोठा बोध!

मग माणसाचेच प्रथिन माणसाला दिले तर? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची रीत बसविली. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन यांनी, अंगात गॅमा ग्लोब्युलिनच नसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ते टोचून, वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गापासून सावरले. तथापि स्नायूत टोचावयाचे हे औषध शिरेतून दिले की थंडी वाजे, रक्तदाब कोसळे. प्रथिनांचे एकत्र झालेले पुंजके त्याला कारण होते. ते दूर करणाऱ्या रीती निघाल्यावरच, १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल इम्बाख यांनी रक्तबिंबिका घटलेल्या मुलांवर शिरेतून दिलेल्या औषधाचा गुण नोंदविला.

पण माणसाच्या रक्ताबरोबर माणसाचे रोगही येतात. आयर्लंडमध्ये १९७७-७८ च्या सुमारास, पुढील बाळंतपणातील मुलाला धोका होऊ नये म्हणून मातांना दिलेल्या अँटी-डी ग्लोब्युलिनमधून हेपॅटायटिस-सी चा प्रसार झाला. ही गोष्ट उघडकीस आली १९९४ साली! निरोगी स्त्रिया आपल्या बाळासाठी टोचून घ्यावयास गेल्या आणि वर्षानुवर्षे कारण न कळता खंगत राहिल्या. आम्हांला या प्रकरणात अपघाताहून ते सोळा-सतरा वर्षांचे मौन अधिक भयंकर वाटते.

आज रक्तदाते पारखले जातात आणि विषाणू नष्ट करण्याच्या एकाहून अधिक पायऱ्यांतून औषध जाते. तरीही डोकेदुखी, ताप, हुडहुडी, पाठदुखी हे त्रास होतात. थेंबांची गती कमी केली की ते बहुधा आवरतात. क्वचित दोन दिवसांत मान ताठरते, मूत्रपिंडे बिघडतात किंवा तांबड्या पेशी फुटतात. रक्ताच्या गुठळ्या होण्याविषयीचा ठळक इशारा २०१३ पासून अमेरिकेत या औषधांवर छापावा लागतो. वयस्कर माणसे आणि मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रोगी यांच्या बाबतीत म्हणूनच अधिक जपावे लागते.

हे सारे दूर देशीचे आहे असे आपण समजू नये. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्पविषावरील रसाशी जोडलेले आहे, आणि तो रस घोड्याच्याच रक्तातून येतो. खेड्यातल्या दवाखान्यात सर्पदंशाच्या रोग्याला तो देताना जवळ अ‍ॅड्रिनलिनची सुई तयार ठेवतात. तिच्यामागे या सर्व हकीकतीचा अनुभव उभा आहे.

तेव्हा इजा होते म्हणून हे औषध नाकारावे काय? मुळीच नव्हे. घटसर्पाने गेलेल्या मुलांची संख्या विसरून चालणार नाही. मात्र पूर्वी काही टोचल्यावर त्रास झाला असेल, तर तो डॉक्टरांना सांगावा. आणि सलाईन चालू असता छातीत दुखले वा दम लागला, तर संकोच न करता तत्काळ बोलावे. या औषधाला सुरक्षितपणा आला तो, ज्यांनी इजा लपविली नाही, लिहून ठेवली, त्यांच्यामुळे. ती नोंद पुढे चालू ठेवणे हे आता आपणा सर्वांचे काम आहे.