पाटणचा मठ आणि अनंताचा हिशेब

कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावाकडे पाटण लागते. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात नोंद आहे की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, आणि त्याच्या खर्चास दर घाण्यामागे पळीभर तेल लावून दिले होते. तेल्याची ती पळी मला राजाच्या दानाहून मोठी वाटते.

शून्याने भागून येणाऱ्या राशीस भास्कराचार्य ‘खहर’ म्हणत. तीत कितीही मिळवा वा काढा, ती बदलत नाही. पण सारे अनंत सारखेच काय? जर्मनीत गेओर्ग कँटरने १८७४ साली ‘नाही’ असे सिद्ध केले. त्याची रीत हजेरीसारखीच. एका कामगारास एक बिल्ला दिला की, न मोजताही बरोबरी कळते. १, २, ३ यांच्याशी २, ४, ६ या समसंख्या तंतोतंत जुळतात. रेषेवरील बिंदू मात्र उरतातच.

‘हे आमच्याकडे होतेच’ म्हणणारे भेटतात. नव्हते. खहरास शून्याने गुणून मूळ संख्या परत घेण्याची मुभा भास्कराचार्यांनी दिली. ती मानली तर १ आणि २ सारखेच ठरतील. अर्थात, संचाच्या कल्पनेतही १९०१ साली रसेलला विसंगती सापडली, आणि १९०८ साली झर्मेलोने तिचे नियम नव्याने बांधले.