जामीन : माणसाचा शब्द आणि कागद

अरबीत 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. त्याने घेतलेल्या हमीला उर्दूत ज़मानत म्हणतात. मराठीने मात्र त्या हमीलाच जामीन म्हटले आणि माणसाला 'दार' जोडून जामीनदार केले. वर्गात हा शब्द आला की आम्ही मुलांना हा फरक आवर्जून सांगतो, कारण जुन्या व्यवहारात माणूस स्वतःच जामीन होता.

सूरह यूसुफमध्ये राजाचे माप हरवते. ते आणून देणाऱ्याला उंटभर धान्य मिळेल, अशी हमी पुकारणारा स्वतःवर घेतो. फिकहच्या ग्रंथांत 'कफाला' हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मालाची हमी वेगळी आणि माणसाला हजर करण्याची हमी वेगळी. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतही मालजामीन आणि हाजीरजामीन असे दोन शब्द आढळतात. हाजीरजामीन म्हणजे 'या माणसाला मी बोलावताच हजर करीन' असे सांगणारा.

इंग्रजी अमलात 1861 पासून फौजदारी प्रक्रियेचे कायदे आले. त्यांपैकी 1898 चा कायदा स्वातंत्र्यानंतरही पाव शतक चालला. बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये, असे त्यात लिहिले होते. पण मजुराला अवाजवी काय आणि सावकाराला काय, हे कोण ठरवणार? व्यवहारात सातबारा, घरपट्टीची पावती, ऐपतीचा दाखला यांनाच किंमत आली. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्या शब्दाला वजन उरले नाही.

1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मध्य प्रदेशातील या गरीब माणसाला जामीन मंजूर झाला होता. पण खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली. कारण एवढेच की भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला.

पुढच्याच वर्षी, जानेवारी 1979 मध्ये, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांवर वृत्तपत्रात लिहिले. ते वाचून ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी न्यायालयात गेल्या. या खटल्याला तुरुंगातील एका बाईचे नाव मिळाले, हुसैनारा खातून. गुन्ह्याची कमाल शिक्षा जितकी, त्याहून जास्त काळ काही कैदी खटल्याविना आत होते. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने जलद सुनावणी हा घटनेच्या कलम 21 मधील हक्क ठरवला. ज्याची मुळे गावात आहेत आणि जो पळून जाण्याचा संभव नाही, त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असेही सांगितले.

कायदा पुढे सरकला. 2005 च्या दुरुस्तीनुसार जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देऊ न शकणारा निर्धन समजला जातो आणि त्याला जामीनदाराविना सोडावे लागते. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की, जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेची तरतूद आहे. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. तरीही 2022 च्या अखेरीस देशातील 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

हे सारे आम्ही पुस्तकांतून वाचले होते. मग एके दिवशी एक पालक घरी आले. त्यांच्या भावाचा जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले होते, पण जामीनदार मिळत नव्हता. "सर, तुमची पगाराची स्लिप चालेल," ते म्हणाले. आम्ही "विचार करून सांगतो" म्हणालो. खरे तर आम्ही घाबरलो. नोकरी, पोलीस, लोक काय म्हणतील!

नंतर एका वकिलाने समजावले. जामीनदार आरोपीच्या गुन्ह्याला जबाबदार नसतो, त्याच्या हजेरीला असतो. आरोपी आला नाही तर बंधपत्राची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. जोखीम आहे, पण ती रकमेची आहे. चौथ्या दिवशी आम्ही स्लिप घेऊन गेलो. तोवर मोहल्ल्यातल्या एका रिक्षावाल्याने आपल्या रिक्षाचे कागद न्यायालयात ठेवले होते. त्याचे घर त्याच रिक्षावर चालते.

आता वर्गात ज़ामिन आणि जामीन यांतला फरक सांगताना आम्हाला तो रिक्षावाला आठवतो. शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. त्याला तो निभावता आला.