गेर्निकाचे चित्र आणि स्पेनची ख्रिस्तसभा

माद्रिदच्या आतोचा रेल्वे स्थानकासमोर एक प्रशस्त जुनी इमारत उभी आहे. अठराव्या शतकात राजा तिसरा कार्लोस याच्या काळात ती इस्पितळासाठी बांधण्यात आली आणि १९६५ पर्यंत तेथे रुग्णसेवा चालू होती. आज ते रेइना सोफिया हे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. परदेशात एकट्याने हिंडणारा प्रवासी अशा ठिकाणी अंमळ अधिकच रेंगाळतो. ‘चला, उशीर होतोय’ म्हणणारे बरोबर कोणी नसते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दालनात मी तासभर तरी उभा होतो. समोर पाब्लो पिकासोचे ‘गेर्निका’ होते.

चित्र सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. त्यात काळा, पांढरा आणि करडा यांखेरीज रंग नाही. विमान नाही, बॉम्ब नाही, शत्रूही नाही. किंकाळणारा घोडा, स्तब्ध बैल, हातात मोडकी तलवार घेऊन पडलेला योद्धा, खिडकीतून दिवा पुढे करणारी स्त्री. आणि डाव्या कडेला मृत बालकाला कवेत घेऊन आकाशाकडे तोंड करून टाहो फोडणारी आई. पिकासो श्रद्धावंत नव्हता. १९४४ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. तथापि त्या मातेला पाहून क्रुसावरून उतरवलेल्या पुत्राला मांडीवर घेतलेली मरियामाता कोणाही ख्रिस्ती माणसाला आठवल्यावाचून राहणार नाही.

गेर्निका हे बास्क प्रांतातील एक लहानसे गाव. तेथील ओक वृक्षाखाली बास्कांच्या पारंपरिक हक्कांच्या शपथा घेतल्या जात. हा समाज कमालीचा धर्मनिष्ठ. लोयोलाचे संत इग्नेशियस बास्कच होते, आणि ज्यांच्या अवशेषांचे दर्शन आपण गोव्यात घेतो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांची मातृभाषाही बास्क होती. यादवी युद्धात मात्र स्वायत्ततेसाठी हा समाज जनरल फ्रँकोच्या विरोधात, प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमारास जर्मनीच्या ‘कोंडोर’ दलाची व इटलीची विमाने आली आणि तीन तासांहून अधिक काळ स्फोटक व आगलावे बॉम्ब पडत राहिले. बास्क सरकारने मृतांचा आकडा १,६५४ असा दिला. पुढील अनेक इतिहासकारांनी तो याहून बराच कमी मानला आहे. पण गाव जळून गेले, याविषयी वाद नाही.

वाद निर्माण केला गेला तो वेगळाच. माघार घेणाऱ्या ‘लाल’ सैनिकांनीच गाव पेटवले, असे फ्रँकोच्या बाजूने जाहीर केले. जॉर्ज स्टीअर या वार्ताहराची हकिकत २८ एप्रिलला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आली. फादर अल्बेर्तो ओनाइन्दिया या बास्क धर्मगुरूंनी हल्ला प्रत्यक्ष पाहिला होता. पॅरिसला जाऊन त्यांनी साक्ष दिली. प्रजासत्ताकाने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी पिकासोकडे चित्र मागितले होतेच. त्याला विषय सापडत नव्हता. १ मे रोजी त्याने पहिली रेखाटने केली आणि जूनच्या आरंभी चित्र पुरे झाले.

येथे आपल्याला थोडे थांबणे भाग आहे. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील भागात सुमारे ६,८०० धर्मगुरू, व्रतस्थ आणि धर्मभगिनी यांची हत्या झाली. ही गोष्ट विसरून त्या काळातील बिशपांचा न्याय करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण १९३६ मध्ये फ्रँकोच्या सैन्यानेही दहा-बारांहून अधिक बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या, आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. १ जुलै १९३७ या तारखेच्या सामूहिक पत्रात चाळीसहून अधिक स्पॅनिश बिशपांनी फ्रँकोच्या पक्षाचे समर्थन केले. अकरा दिवसांनी पॅरिसमधील स्पॅनिश दालन लोकांसाठी खुले झाले. पत्रावर व्हितोरियाचे बिशप मातेओ मुहिका आणि कार्डिनल व्हिदाल इ बाराकेर यांनी सही केली नाही. मुहिका यांना फ्रँकोच्या राजवटीने आधीच देशाबाहेर घालवले होते. कार्डिनल १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निर्वासित म्हणूनच वारले. माझ्या मते त्या काळातील ख्रिस्तसभेची अब्रू या थोड्या माणसांनी राखली. १९७१ मध्ये बिशप आणि धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत, युद्धकाळात आपण समेटाचे सेवक झालो नाही याबद्दल क्षमा मागणारा ठराव आला. त्याला बहुमत मिळाले, पण आवश्यक ती दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत.

चित्रानेही दीर्घ वनवास भोगला. १९३९ पासून ते न्यूयॉर्कला होते. स्पेनमध्ये लोकांचे स्वातंत्र्य परत आल्याशिवाय ते तेथे नेऊ नये, अशी पिकासोची अट होती. तो १९७३ मध्ये वारला, फ्रँको १९७५ मध्ये. चित्र सप्टेंबर १९८१ मध्ये माद्रिदला उतरले आणि १९९२ पासून या जुन्या इस्पितळात आहे. आरंभी त्याच्यापुढे बंदुकीच्या गोळीलाही न फुटणारी काच होती. ती १९९५ मध्ये काढली. छायाचित्रे घेण्याची बंदी २०२३ पर्यंत टिकली.

बास्क लोकांनी ते चित्र आपल्याकडे पाठवावे अशी मागणी पुनःपुन्हा केली. बिल्बाओचे नवे संग्रहालय उघडले तेव्हा, १९९७ मध्येही, ती नाकारण्यात आली. इतक्या वेळा गुंडाळलेला आणि प्रवास घडलेला कॅनव्हास आता हलवणे धोक्याचे आहे, असे संग्रहालय सांगते. गेर्निका गावात एका भिंतीवर फरशांमध्ये त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती बसवलेली आहे, आणि तिच्याखाली मूळ चित्राची मागणी लिहिलेली आहे.